आल्फ्रेदोने कापलेली एलेना: ‘सिनेमा पॅराडिसो’च्या दोन आवृत्त्या

एका प्रेक्षकाचा प्रश्न आहे. ‘सिनेमा पॅराडिसो’ हा इटालियन सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा शेवटच्या चुंबनांच्या रिळाला ते हमसून रडले होते. काही वर्षांनी त्याच सिनेमाची जवळजवळ तीन तासांची आवृत्ती त्यांच्या हाती लागली आणि त्यांचा विरस झाला. गावच्या थिएटरचा ऑपरेटर आल्फ्रेदो याच्यावरची माया आटली, त्याच्या सावलीत वाढून पुढे दिग्दर्शक झालेल्या साल्वातोरेची कीव आली, त्या गावाची गोडीही गेली. ते विचारतात, ही लांब आवृत्ती मुळात हवी होती का? आणि आठवणींबद्दल या सिनेमाला खरं काय म्हणायचंय, छोट्या आवृत्तीतलं की लांब आवृत्तीतलं?

मी संकलक आहे. फिल्म हाताने कापून चिकटवण्याच्या काळात शिकलो, आता संगणकावर काम करतो, आणि संकलन शिकणाऱ्या मुलांना या दोन्ही आवृत्त्या पाठोपाठ दाखवतो. त्यामुळे उत्तर संकलनाच्या टेबलावरूनच देतो. तुमचा विरस खरा आहे आणि सिनेमा तो मुद्दाम घडवून आणतो. छोट्या आवृत्तीत आपण गतकाळाकडे बघून हळवे होतो. लांब आवृत्ती विचारते, हा गतकाळ इतका गोड उरला तो कुणी काय काय कापून टाकलं म्हणून? सिनेमा म्हणून छोटी आवृत्ती जास्त बांधेसूद आहे, हे मी आधीच मान्य करतो. पण आठवणीबद्दल जास्त खरं बोलते ती लांब आवृत्ती. (पुढे कथानक पूर्ण उघड होणार आहे. सिनेमा पाहिला नसेल तर इथे थांबा, आधी तो बघा.)

आवृत्त्यांचा हिशेब आधी नीट मांडू, कारण त्यात गोंधळ फार आहे. सिनेमा 1988 चा, लेखक-दिग्दर्शक ज्युसेप्पे तोर्नातोरे, निर्माते फ्रांको क्रिस्ताल्दी. इटलीत तो 155 मिनिटांचा म्हणून लागला आणि पडला. मग क्रिस्ताल्दींच्या आग्रहाने तो सुमारे 124 मिनिटांवर आणला गेला. 1989 च्या कान महोत्सवात याच आवृत्तीला ज्युरींचं विशेष पारितोषिक मिळालं, 1990 च्या मार्चमध्ये परभाषी चित्रपटाचं ऑस्करही मिळालं, आणि जगभर लोकांनी ज्याच्यावर जीव टाकला तो हाच सिनेमा. अमेरिकी वितरकाने कात्री लावून मूळ कलाकृती बिघडवली, असं अनेकजण सांगतात. ते बरोबर नाही, कात्री त्याआधीच लागली होती. 2002 मध्ये सुमारे 173 मिनिटांची आवृत्ती अमेरिकेत ‘नवी आवृत्ती’ म्हणून प्रदर्शित झाली. आपण जिला लांब आवृत्ती म्हणतो ती ही, म्हणजे इटलीतल्या पहिल्या प्रदर्शनाहूनही लांब.

आता या दोहोंत फरक काय ते बघू. तीस वर्षांनी आल्फ्रेदोच्या अंत्ययात्रेसाठी साल्वातोरे सिसिलीतल्या जानकाल्दो या आपल्या गावी येतो. छोट्या आवृत्तीत तो जुने चेहरे बघतो, ओसाड थिएटर बघतो, ते सुरुंगाने पाडलं जाताना बघतो, आल्फ्रेदोने ठेवलेला फिल्मचा डबा घेतो आणि रोमला परततो. लांब आवृत्तीत त्याला गावात एक तरुण मुलगी दिसते, हुबेहूब एलेनासारखी, म्हणजे त्याच्या तरुणपणच्या प्रेयसीसारखी. ही भूमिकाही तरुण एलेना झालेल्या आन्येझे नानोनेच केली आहे. ती एलेनाची मुलगी. तिच्या मागावर जात तो एलेनापर्यंत पोचतो. एलेनाचं लग्न बोच्चाशी झालंय, शाळेत फळ्यासमोर बाईंचा मार खाणाऱ्या त्याच वर्गमित्राशी, जो आता राजकारणात आहे. रात्री गाडीत बसून दोघं बोलतात तेव्हा साल्वातोरेला कळतं की ताटातुटीच्या दिवशी ती थिएटरवर आली होती, फक्त उशिरा. तो तिला शोधायला बाहेर पडला होता आणि प्रोजेक्शन रूममध्ये आंधळा आल्फ्रेदो एकटा होता. त्याने तिला समजावलं की याला विसर, त्यातच याचं भलं आहे. साल्वातोरे परतला तेव्हा कुणीच आलं नव्हतं असं सांगितलं. पण निघताना एलेनाने तिथल्याच एका कागदामागे आपला पत्ता लिहून ठेवला होता. आता साल्वातोरे त्या पडक्या थिएटरात शिरतो, धुळीत शोधाशोध करतो, आणि तो कागद त्याला सापडतो.

ही मध्यमवयीन एलेना ब्रिजित फॉसे यांनी केली आहे. छोट्या आवृत्तीत त्यांची भूमिका समूळ गेली. तिथे एलेना म्हणजे उत्तर न आलेली पत्रं आणि एक हरवलेला उन्हाळा.

इथे संकलक म्हणून मला सिनेमाच्या पहिल्या भागाकडे जावंसं वाटतं. गावचे पाद्री, फादर आदेल्फियो, प्रत्येक सिनेमा आधी एकटे बसून बघतात. हातात घंटी. पडद्यावर ओठ जवळ आले की घंटी वाजते, आणि वर ऑपरेटर आल्फ्रेदो रिळात त्या जागी कागदाची चिठ्ठी खोचतो. मग तो तुकडा कापतो. छोटा तोतो, म्हणजे लहानपणीचा साल्वातोरे, हे तुकडे मागतो तेव्हा आल्फ्रेदो सांगतो की प्रिंट परत पाठवताना ते पुन्हा जोडायचे असतात, पण कधी कधी नेमकी जागा सापडत नाही, म्हणून इथेच राहतात. पुढे तो असंही म्हणतो की हे तुकडे तुझेच, पण सांभाळणार मी.

कापलेला तुकडा पुन्हा जोडायला जागा न सापडणं म्हणजे काय, हे ज्याने हाताने काम केलंय त्याला आतून कळतं. तुकडा हातात असतो, शाबूत असतो, पण त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या चौकटी आता एकमेकींना चिकटल्या आहेत. सिनेमा त्याच्याशिवाय चालू लागला आहे. लांब आवृत्तीत एलेनाचं नेमकं असं होतं. ती पुन्हा भेटते, पण तिची जागा उरलेली नाही. एक रात्र ती साल्वातोरेच्या आयुष्यात परत जोडली जाते, आणि दुसऱ्या दिवशी फोनवर स्वतःच सांगते की आता पुढे काही नाही.

म्हणजे पाद्र्याने सिनेमातली चुंबनं कापली आणि आल्फ्रेदोने साल्वातोरेच्या आयुष्यातली एलेना कापली. दोघांचाही हेतू भल्याचा. दोघांनीही ज्याचं आयुष्य त्याला विचारलं नाही. छोट्या आवृत्तीत ही जोडी तयारच होत नाही. तिथे आल्फ्रेदो निखळ प्रेमळ म्हातारा राहतो आणि कात्रीचा दोष एकट्या पाद्र्याच्या माथी बसतो.

याचा सगळ्यात मोठा परिणाम शेवटच्या रिळावर होतो. शेवटचा प्रसंग दोन्ही आवृत्त्यांत तोच आहे. रोममधलं खासगी थिएटर, अंधारात एकटा साल्वातोरे, पडद्यावर एकामागून एक चुंबनं, आणि साल्वातोरे झालेल्या जाक पेरँ यांचा भरून आलेला चेहरा. (प्रोजेक्शनच्या खोलीत दिसणारा माणूस खुद्द तोर्नातोरे आहेत.) छोट्या आवृत्तीत हे रीळ म्हणजे भेट आहे: बाळा, तुझं होतं ते तुला दिलं. लांब आवृत्तीत तेच रीळ कबुली वाटू लागतं. मी तुझ्यापासून काय काय कापलं याचा हा हिशेब, आणि आता हे जोडायला जागा उरलेली नाही. पेरँ यांच्या डोळ्यांतलं पाणी तेच, पण एका आवृत्तीत ते कृतज्ञतेचं दिसतं आणि दुसरीत क्षमा आणि संताप यांच्यामध्ये कुठेतरी.

रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांचा प्रयोग संकलनाच्या प्रत्येक वर्गात सांगितला जातो. नटाचा एकच निर्विकार चेहरा, आणि त्याला जोडून कधी सूपची बशी, कधी शवपेटी, कधी एक तरुणी. प्रेक्षकांना त्या एकाच चेहऱ्यात भूक, दुःख, वासना दिसली. इथे तोच परिणाम एका शॉटच्या अंतरावर घडत नाही, त्यासाठी आधीचे चाळीसेक मिनिटांचे प्रसंग बदलले आहेत. इतक्या दूरवरून एका चेहऱ्याचा अर्थ पालटतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही, म्हणून मी हा सिनेमा शिकवतो.

आता तुमच्या विरसाकडे येतो. छोटी आवृत्ती आधी बघितलेल्या प्रत्येकाची गत साल्वातोरेसारखीच झालेली असते. आपल्यापासूनही एलेना कापून ठेवली होती, आपल्या भल्यासाठी, म्हणजे सिनेमा गोड लागावा म्हणून. आपणही कित्येक वर्षं आल्फ्रेदोवर निःशंक प्रेम केलं. मग एक दिवस तो कागद सापडतो आणि सगळी आठवण मागे जाऊन पुन्हा तपासावी लागते. साल्वातोरेला गाडीत जे वाटलं ते तुम्हाला तुमच्या खोलीत बसून वाटलं. तोर्नातोरेंनी हे असं ठरवलं नव्हतं, बाजाराने आणि निर्मात्याच्या आग्रहाने हा योग जुळून आला. तरीही दुसऱ्या कुठल्या सिनेमाने मला माझ्याच आठवणीबद्दल इतकं सावध केलेलं नाही.

आणि सिनेमाला गतकाळाच्या ओढीबद्दल शंका आहे हे छोट्या आवृत्तीतही लपलेलं नाही. स्टेशनवरच्या निरोपात आल्फ्रेदो तोतोला जवळ ओढून काय सांगतो? परत येऊ नकोस. आमची आठवण काढू नकोस. मागे वळून बघू नकोस, पत्र लिहू नकोस. गतकाळाच्या ओढीला बळी पडू नकोस. राहवलं नाही आणि आलासच, तर माझ्या दारात येऊ नकोस. ज्या सिनेमाला आपण नॉस्टॅल्जियाचं दुसरं नाव मानतो, त्यातला सगळ्यात जिव्हाळ्याचा माणूस नॉस्टॅल्जियाविरुद्ध बजावतो आहे. छोट्या आवृत्तीत हे एका म्हाताऱ्याचं निष्ठुर शहाणपण वाटतं. लांब आवृत्तीत कळतं की मागे वळून बघितलं तर मुलाला काय सापडेल हे त्याला ठाऊक होतं.

आईचंही बघा. पुपेल्ला माज्जो यांनी म्हातारी मारिया केली आहे. मुलगा येतो तेव्हा ती विणत बसलेली असते. चाहूल लागून उठते आणि लोकरीचा धागा तिच्या कपड्यात अडकून मागे ओढला जातो. कॅमेरा तिच्या मागे जात नाही. तो विणकाम उसवताना बघत राहतो, मग धागा थांबतो, आणि मग खिडकीतून खाली मायलेकरांची भेट दिसते. तीस वर्षांचं अंतर तोर्नातोरेंनी एकाही संवादाशिवाय सांगितलं. असा शॉट पुढ्यात आला की संकलकाने हात जोडून बाजूला व्हावं. हीच आई पुढे त्याला सांगते की तुला फोन केला की दर वेळी वेगळी बाई उचलते, पण जिचं तुझ्यावर खरं प्रेम आहे असा आवाज मी अजून ऐकला नाही. छोट्या आवृत्तीत हे वाक्य नुसतं हुरहुर लावतं. का असा राहिला हा माणूस, याचं उत्तर तिथे नाही. कापलेल्या धाग्याचं हे उरलेलं टोक आहे. लांब आवृत्तीत त्या टोकाला गाठ बसते.

आईने त्याची खोली होती तशी ठेवली आहे, सगळं भिंतींवर मांडून. ती खोली बघताना साल्वातोरेचा चेहरा आनंदी नसतो. दुसऱ्याने जपून ठेवलेल्या आपल्याच बालपणात माणूस पाहुणा होतो, हे तिथे दिसतं.

आठवण उसनी असते ही गोष्ट सिनेमा फार आधीपासून सांगतो आहे, आणि ती मला एलेनाच्या धाग्याइतकीच महत्त्वाची वाटते. तोतोचे वडील रशियाच्या आघाडीवर गेले ते परत आले नाहीत. मुलाला त्यांचा चेहरा आठवत नाही, त्या जागी त्याच्या मनात क्लार्क गेबलचा चेहरा बसतो. बाप मेल्याची खबर पक्की झाल्यावर रडणाऱ्या आईचं बोट धरून चालताना त्याला भिंतीवर गेबलचं पोस्टर दिसतं आणि त्याला हसू येतं. त्याआधी एक प्रसंग आहे. फिल्मचे तुकडे आणि घरचे फोटो त्याने एकाच डब्यात ठेवलेले असतात, फिल्म पेट घेते, आणि फोटोही जळतात. सिनेमाने त्याची खरी स्मृती अक्षरशः जाळली आणि तिच्या जागी स्वतःची चित्रं बसवली.

ती फिल्म नायट्रेटची. नायट्रेट एकदा पेटलं की स्वतःतलाच प्राणवायू वापरून जळत राहतं, पाण्याखालीही विझत नाही. आल्फ्रेदोची दृष्टी जाते ती पुढे थिएटरात लागलेल्या अशाच आगीत. पुढे न जळणारी फिल्म आली तेव्हा तो एवढंच म्हणतो की प्रगती नेहमी उशिरा येते. पुण्यात आम्हाला हे दुरून ऐकल्यासारखं वाटत नाही. 2003 च्या जानेवारीत फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या गोदामाला आग लागली आणि जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा गेला. त्यानंतर तो डब्याचा प्रसंग मी तटस्थपणे बघू शकलेलो नाही.

अजून एक बाब लोक विसरतात. तोर्नातोरेंचा जन्म 1956 चा, पालेर्मोजवळच्या बागेरियाचा. तरुणपणी त्यांनी स्वतः ऑपरेटरचं काम केलं होतं, ते अनुभव सिनेमात आहेत. पण तोतोचं बालपण युद्ध संपतानाचं आणि त्यानंतरच्या काही वर्षांचं आहे, तोर्नातोरेंच्या जन्माआधीचं. सिनेमा केला तेव्हा ते जेमतेम 32 वर्षांचे होते. म्हणजे पन्नाशीच्या माणसाची हुरहुर एका तरुणाने, मोठ्यांच्या तोंडून ऐकलेल्या काळाबद्दल लिहिली. गावही एक नाही. चौक पालाझ्झो आद्रियानोचा आहे, इतर जागा चेफालूच्या, बागेरियाच्या. साल्वातोरे तीन नटांनी केला आणि फिलिप न्वारे (आल्फ्रेदो) व पेरँ या फ्रेंच नटांना इटालियन आवाज दुसऱ्यांनी दिला. यातलं काहीच मी दोष म्हणून सांगत नाही. आपल्या स्मृती अशाच ठिकठिकाणचे तुकडे जोडून तयार होतात, आणि या सिनेमाची बनावट त्याच्या विषयाला धरून आहे.

लांब आवृत्तीत काय खटकतं तेही सांगायला हवं. गाडीतला प्रसंग बोलून बोलून थकवतो. जे कागद सापडल्यावर एका नजरेत कळणार आहे, ते आधी एलेना शब्दांत सांगते. तिथला शरीरसंबंध मला अनावश्यक वाटतो, हरवलेल्या माणसाला हात लावल्याने तो परत मिळत नाही हे त्याशिवायही पोचलं असतं. दुसऱ्या दिवशीचा फोनही लांबला आहे. माझ्या हातात रिळं असती तर मी मुलीचं दिसणं, गाडीतलं अर्धं बोलणं आणि पडक्या प्रोजेक्शन रूममधला कागद ठेवला असता, बाकी सोडलं असतं. क्रिस्ताल्दींचा व्यवहार चुकीचा नव्हता, 155 मिनिटांचा सिनेमा थिएटरात पडला होता. पण कापताना एलेनाबरोबर आल्फ्रेदोचा अपराधही गेला, आणि त्याबरोबर त्या माणसाची अर्धी उंची गेली. फिलिप न्वारे यांच्यासारखा नट असताना ही फार मोठी किंमत आहे.

एक गोष्ट मात्र लांब आवृत्तीत असल्याबद्दल मी कायम ऋणी राहीन. आल्फ्रेदो तोतोला एका शिपायाची गोष्ट सांगतो. राजकन्या त्याला म्हणते, माझ्या सज्जाखाली शंभर दिवस आणि शंभर रात्री थांबलास तर मी तुझी. तो पावसात, बर्फात, मधमाश्या डसत असतानाही थांबतो, आणि नव्व्याण्णवाव्या रात्री खुर्ची उचलून निघून जातो. का, ते मला विचारू नकोस, असं आल्फ्रेदो म्हणतो. लांब आवृत्तीत साल्वातोरे पुढे याचं उत्तर देतो. शंभराव्या रात्री राजकन्येने वचन मोडलं असतं तर शिपाई मेला असता. आधी निघून गेला म्हणून ती आपली वाट बघत होती, एवढा भ्रम तरी नव्व्याण्णव रात्री जगता आला. हे उत्तर तो एलेनाच्या कागदाविषयी काहीही ठाऊक नसताना देतो. पुढे कळतं की ती खरोखर आली होती, वचन मोडलंच नव्हतं. भ्रम होता तो ती आली नाही हाच. सगळी तीस वर्षं त्या चुकीच्या उत्तरावर उभी राहिली, त्यातूनच त्याचे सिनेमे झाले, आणि एलेना स्वतः त्याला सांगते की तू माझ्याजवळ राहिला असतास तर हे सिनेमे झाले नसते, ते सगळे मी पाहिलेत. तेव्हा आल्फ्रेदो बरोबर होता की चूक? सिनेमा निकाल देत नाही. मीही देत नाही, पण वय वाढतं तसा मी एलेनाच्या बाजूला सरकत चाललो आहे. दुसऱ्याच्या आयुष्यातला एवढा मोठा तुकडा कापण्याचा हक्क, कितीही प्रेम असलं तरी, कुणाला असावा असं मला वाटत नाही.

आता बघण्याबद्दल. ज्यांनी काहीच पाहिलेलं नाही त्यांनी छोटी आवृत्ती आधी बघावी, आणि मध्ये बराच काळ जाऊ द्यावा. लगोलग दुसरी लावली तर फक्त फरक मोजले जातात. तुमच्यासारख्या दोन्ही पाहिलेल्यांनी आता छोटी आवृत्ती पुन्हा लावावी आणि आग लागल्यानंतरच्या आल्फ्रेदोवर नजर ठेवावी. तोतो एलेनाबद्दल बोलतो तेव्हा न्वारे चेहरा कुणीकडे वळवतात, कुठे गप्प राहतात, ते बघा. हे शॉट चित्रित झाले तेव्हा नटाला पुढचं सगळं माहीत होतं. एलेनाचा प्रसंग कापला, पण ते माहीत असणं चेहऱ्यावरून कापता आलं नाही. डिस्क घेताना किंवा ऑनलाइन लावताना मिनिटं तपासा: 124 च्या आसपास असतील तर छोटी, 173 च्या आसपास असतील तर लांब.